तोर्देसियासला थांबावं का, आणि थांबलात तर काय बघावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरचे सहा जण भाड्याच्या गाडीने माद्रिदहून लिऑनकडे निघणार आहेत. वाटेत तोर्देसियास लागतं. 'जगाची वाटणी झाली ते गाव' एवढंच ऐकलेलं आहे. फोटोंत एक पूल आणि एक चौक सोडला तर काही नजरेत भरत नाही. अर्धा दिवस घालवण्यासारखं आहे का, की सरळ पुढे जावं?

मी बरीच वर्षं स्पेन-पोर्तुगालच्या सहली घेऊन जातोय, म्हणून सविस्तर लिहितो. थांबा, आणि साडेतीन-चार तास द्या. पण काही वाचून जा, नाहीतर हिरमोड होईल. या गावात जे मोठं घडलं, त्याच्या खुणा गावात फारशा उरलेल्या नाहीत. जगाची वाटणी करणाऱ्या तहाचा मूळ कागद इथे नाही. एका राणीला ४६ वर्षं जिथे कोंडून ठेवलं, तो वाडा कधीच पाडून टाकला. जे शाबूत आहे ते या दोन्हींच्या आधीचं आहे, देखणं आहे, आणि बहुतेक लोक तिथे उभे राहून भलतीच गोष्ट डोक्यात घेऊन परततात.

आधी गावाची जागा समजून घ्या. दुएरो नदीच्या उजव्या काठावर, नदीपासून चांगल्या उंचीवर गाव वसलंय. दक्षिणेकडून येताना दहा कमानींच्या जुन्या दगडी पुलावरून नदी ओलांडायची आणि वर चढायचं. आज वस्ती ९ हजारांच्या आत. माद्रिद १८० किलोमीटरच्या आसपास, वयादोलिद ३०. माद्रिदहून गालिसियाला जाणारा ए-६ आणि बुर्गोसहून पोर्तुगालच्या सीमेकडे जाणारा ए-६२ हे दोन महामार्ग इथेच एकमेकांना छेदतात. मध्ययुगातही हा नाक्याचाच गाव होता. त्या काळी कास्तीयाच्या, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या सगळ्यात मोठ्या राज्याच्या, राजांना कायमची राजधानी नव्हती, दरबार गावोगाव फिरायचा. माद्रिदला दरबार बसला तो १५६१ मध्ये. त्याआधी नदी, पूल आणि राजाला उतरायला वाडा असलेल्या अशा गावांत मोठमोठे निर्णय व्हायचे. १४९४ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर कास्तीयाची राणी इसाबेला आणि तिचा नवरा फर्नांडो इथे मुक्कामाला होते, म्हणून तह इथे झाला.

तहाची हकिगत अशी. १४९३ च्या मार्चमध्ये कोलंबस पहिल्या सफरीवरून परतला आणि वादळामुळे आधी लिस्बनलाच पोचला. पोर्तुगालचा राजा दुसरा जुआंव याने त्याची भेट घेतली आणि ही नवी भूमी जुन्या करारांप्रमाणे आपली, असा दावा लावून धरला. कास्तीयाने पोपकडे धाव घेतली. पोप होता सहावा अलेक्झांडर, स्वतः व्हॅलेन्सिया राज्यातला. त्याने मे १४९३ मध्ये फर्मान काढलं: अझोर्स आणि केप व्हर्ड बेटांच्या पश्चिमेला १०० लीगवर (लीग हे अंतराचं जुनं माप) एक रेघ, तिच्या पलीकडचं कास्तीयाचं. पोर्तुगालला ही रेघ फार जवळ वाटली. त्यांची जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला वारा पकडत अटलांटिकमध्ये खूप आत शिरायची, तेव्हा त्यांना मोकळा समुद्र हवा होता. मग पोपला बाजूला ठेवून दोन्ही राज्यं समोरासमोर बसली. ७ जून १४९४ ला सही झाली आणि रेघ केप व्हर्डच्या पश्चिमेला ३७० लीगवर सरकली. ब्राझीलचा पुढे आलेला भाग पोर्तुगालकडे गेला तो या सरकण्यामुळे.

यातली मजा तपशिलात आहे. लीग म्हणजे नक्की किती लांब, हे तहात लिहिलेलंच नाही. केप व्हर्डच्या कुठल्या बेटापासून मोजायचं, तेही नाही. दहा महिन्यांच्या आत दोन्हीकडची जहाजं ग्रान कानारियाला जमतील, बरोबर खलाशी आणि ज्योतिषी असतील आणि ते मिळून रेघ ठरवतील, असं कलम होतं. ती मोहीम कधी निघालीच नाही. समुद्रात रेखांश मोजायचं भरवशाचं साधन पुढची अडीचशे वर्षं कोणाकडे नव्हतं. म्हणजे जी मोजता येत नव्हती अशा रेघेवर दोन राजांनी शिक्के मारले, आणि बाकी जगात राहणाऱ्यांना कोणी विचारलं नाही.

आपल्याकडचे लोक तिथे गेले की हमखास म्हणतात, 'या तहामुळे गोवा पोर्तुगालला मिळाला.' अर्धं बरोबर आहे. १४९४ ची रेघ फक्त अटलांटिकमध्ये होती. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला ती कुठे उतरते याचा त्यात उल्लेख नाही. पण पूर्वेची वाट तिने व्यवहारात पोर्तुगालच्या हाती दिली. वास्को द गामा १४९८ मध्ये कोळीकोडला पोचला, आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं, आणि स्पेनने त्या वाटेने आपली जहाजं पाठवली नाहीत. पलीकडच्या बाजूचं भांडण मसाल्याच्या मोलुकास बेटांवरून पेटलं. ते १५२९ मध्ये सारागोसाच्या तहाने मिटलं. स्पेनचा राजा पाचवा चार्ल्स याने ३,५०,००० डुकाट (सोन्याची नाणी) घेऊन मोलुकासवरचा हक्क सोडला. तेव्हा गोव्याचा धागा तोर्देसियासच्या तहात शोधण्यापेक्षा गावातल्या दुसऱ्या गोष्टीत शोधा. तो तिथे जास्त घट्ट बांधलेला आहे. त्याकडे येतोच.

तहाची म्हणून जी जागा दाखवतात, ती नदीकडे तोंड करून एकमेकांना लागून उभी असलेली दोन जुनी घरं: कासास देल त्रातादो. त्यांतलं जुनं पंधराव्या शतकातलं, दुसरं नंतरचं. आत संग्रहालय आहे. जुन्या नकाशांच्या प्रती आहेत, तहाची प्रतिकृती आहे. मूळ कागद सेव्हिलच्या आर्किवो दे इंदियास आणि लिस्बनच्या तोरे दो तोंबो या दफ्तरखान्यांत आहेत. इथे पाऊण तास पुरे. नकाशांचा नाद असेल तर एक करा. १५०० च्या आधीचा नकाशा आणि त्यानंतरचा नकाशा शेजारी-शेजारी ठेवून भारताचा आकार बघा. आधीच्यात भारताचं टोक जवळजवळ गायब आहे, नंतरच्यात एकदम खाली उतरलेलं दिसतं. दर्यावर्दी खरंच येऊन गेले, ते त्या टोकावरून कळतं. पर्यटन कार्यालयही याच घरांत आहे. सांता क्लारा मठाच्या वेळा इथे शिरल्या शिरल्या विचारून घ्या.

आता राणी. मला विचाराल तर तोर्देसियासला जायचं ते हुआनासाठी. इसाबेला-फर्नांडोची ही मुलगी १४७९ ची, तोलेदोत जन्मलेली. १४९६ मध्ये तिला फ्लँडर्सला (आजच्या बेल्जियमकडे) पाठवून हाब्सबुर्ग घराण्यातल्या फिलिपशी लग्न लावलं. भावंडं एकामागून एक गेली आणि १५०४ मध्ये आई वारल्यावर कास्तीयाचा मुकुट हिच्या डोक्यावर आला. तिथून तिच्या नशिबाचे फासे उलटे पडत गेले. नवऱ्याला राज्य हवं होतं, बापाला राज्य हवं होतं, आणि 'ती कारभाराला अपात्र आहे' यावर या दोघांचं १५०६ च्या जूनमध्ये एकमत झालं. सप्टेंबरात फिलिप बुर्गोसला अचानक वारला. पोटुशी हुआना त्याची शवपेटी घेऊन कास्तीयाभर फिरली. चित्रकार प्रादियाने १८७७ मध्ये रंगवलेलं तिचं भलंमोठं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे: उघडं माळरान, वारा, शवपेटी आणि शेजारी काळ्या कपड्यांतली बाई. माद्रिदहून निघणार आहात, तर आदल्या दिवशी ते चित्र बघून घ्या. एक ध्यानात ठेवा, चित्र ती गेल्यानंतर सव्वातीनशे वर्षांनी काढलेलं आहे. 'प्रेमवेडी राणी' हे एकोणिसाव्या शतकाला आवडलेलं रूप. ती आजारी होतीच नाही असं मी म्हणत नाही. खाणंपिणं सोडणं, दिवसेंदिवस न बोलणं याच्या नोंदी आहेत. पण तिला वेडी ठरवण्यात ज्यांचा फायदा होता, त्या नोंदी त्यांच्याच माणसांनी केल्या आहेत.

१५०९ मध्ये बापाने तिला तोर्देसियासच्या वाड्यात आणून ठेवलं. बरोबर दोन वर्षांची मुलगी कातालिना. १५१६ च्या जानेवारीत फर्नांडो वारला, पण ही बातमी तिच्यापासून वर्षानुवर्षं लपवून ठेवली. १५१७ च्या नोव्हेंबरात मुलगा कार्लोस, म्हणजे पुढचा पाचवा चार्ल्स, भेटायला आला. त्याने आईला सोडवलं नाही. उलट पुढच्या वर्षी देनियाच्या मार्कीला, म्हणजे तिथल्या सरदाराला, तिच्यावर पहारेकरी नेमलं. तो इतका कडक, की तिला खिडकीशीसुद्धा उभं राहू देत नसे. कायद्याने मात्र ती मरेपर्यंत राणी होती. सरकारी कागदांवर 'दोन्या हुआना आणि दॉन कार्लोस' अशी नावं, आणि तिचं नाव पहिलं.

एक प्रसंग समकालीन वृत्तांतात आलाय आणि तो मी ग्रुपला नेहमी नदीकाठच्या कठड्यापाशी सांगतो. कातालिना आईच्या खोलीला लागून असलेल्या आतल्या खोलीत वाढत होती. बाहेर पडायला वाट एकच, आईच्या खोलीतून. मुलीला बाहेरचं जग दिसावं म्हणून भिंतीत एक खिडकी पाडून दिली, तर ती खाली नाणी टाकायची, म्हणजे गावातली पोरं तिथे खेळायला येतील. कार्लोसने १५१८ मध्ये बहिणीला तिथून काढायचं ठरवलं. रात्री भिंतीला भोक पाडून मुलीला पळवलं. हुआनाला कळल्यावर तिने अन्नपाणी सोडलं, मुलगी परत येईपर्यंत. शेवटी परत आणावं लागलं. ती सुटली ती १५२५ च्या जानेवारीत, अठरा पूर्ण व्हायला काही दिवस असताना, लग्नासाठी.

आणि लग्न झालं पोर्तुगालच्या तिसऱ्या जुआंवशी. म्हणजे १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना लिहून दिली, तेव्हा लिस्बनच्या सिंहासनावर राणी म्हणून बसली होती ती तोर्देसियासच्या आतल्या खोलीत वाढलेली ही मुलगी. १५५७ मध्ये नवरा वारला, नातू सेबास्तियांव तीन वर्षांचा. १५६२ पर्यंत राज्य तिने सांभाळलं. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारं चर्चचं न्यायालय, बसलं १५६० मध्ये, याच काळात. सगळा दोष तिच्या माथी मारू नका. पोर्तुगालच्या इन्क्विझिशनचा प्रमुख तिचा दीर कार्डिनल एंरिक होता आणि मागणी आधीपासून होती. पण राज्यकारभार तिच्या हाती होता, हे खरं. पुढे सेबास्तियांव १५७८ मध्ये मोरोक्कोत लढाईत पडला आणि कातालिनाचा भाचा, म्हणजे हुआनाचा नातू दुसरा फिलिप, पोर्तुगालचाही राजा झाला. १५८० पासून १६४० पर्यंत गोवा, वसई, चौल ही सगळी ठाणी हुआनाच्या वंशजांच्या मुकुटाखाली होती. जुन्या गोव्यातली व्हाइसरॉयची कमान या काळातली.

हुआनाला सुटायची एक संधी मिळाली होती. १५२० मध्ये कास्तीयाची शहरं कार्लोसविरुद्ध उठली. कर वाढलेले, मोक्याच्या जागांवर परदेशी माणसं बसलेली. या कोमुनेरोस बंडखोरांचा पुढारी पादिया ऑगस्टअखेर तोर्देसियासला पोचला. बंडखोरांची सभाच इथे भरू लागली, आणि त्यांना हवी होती राणीची सही. तेवढी मिळाली असती तर कार्लोसचं राज्य बेकायदा ठरलं असतं. हुआनाने त्यांचं ऐकून घेतलं, बरं बोलली, आणि सही केली नाही. एकाही कागदावर नाही. का, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. मला ती त्या क्षणी वेडी अजिबात वाटत नाही. मुलाच्या विरोधात सही करायची नाही, हे तिने ठरवलेलं दिसतं. ५ डिसेंबरला राजाच्या फौजेने गाव जिंकलं, देनिया परत आला आणि दार पुन्हा लागलं. २३ एप्रिल १५२१ ला विलालारला बंड संपलं आणि दुसऱ्या दिवशी पादिया, ब्रावो, माल्दोनादो या तिघांची मुंडकी उडवली. विलालार इथून २० किलोमीटरच्या आत आहे. २३ एप्रिल हा आज कास्तीया-लिऑनचा प्रादेशिक दिन. हुआना मात्र १२ एप्रिल १५५५ पर्यंत, म्हणजे पंचाहत्तरीपर्यंत, त्या वाड्यातच राहिली.

तो वाडा सान अंतोलिन चर्चच्या शेजारी, नदीच्या बाजूला होता. मोडकळीला आला म्हणून अठराव्या शतकात, तिसऱ्या कार्लोसच्या काळात, पाडला. पर्यटक चुकतात ते इथे: सांता क्लारा मठालाच हुआनाचा तुरुंग समजतात. तिचा संबंध मठाशी आहे, पण वेगळा. फिलिपची शवपेटी ग्रानाडाला हलवेपर्यंत तिथे होती, आणि नंतर तिचाही देह काही वर्षं तिथे ठेवला होता. राहिली ती तिथे नाही.

सांता क्लारा मुळात राजवाडा. ११ व्या आल्फोन्सोने १३४० मध्ये सालादो नदीवर मोरोक्को आणि ग्रानाडाच्या फौजांचा पराभव केला आणि त्यानंतर हा बांधवून घेतला. गंमत अशी की मुसलमान सुलतानांना हरवल्याचा हा वाडा मुसलमान धाटणीत बांधलेला आहे. ही मुदेहार शैली. १३६३ मध्ये त्याचा मुलगा पेद्रो याने तो क्लारा पंथाच्या जोगिणींना दिला. दर्शनी भिंत दुरून साधी वाटते. जवळ जाऊन वरच्या भागातली शंकरपाळ्यांसारखी कोरीव जाळी बघा. आत 'अरबी चौक' म्हणतात तो इतका लहान आहे की वीस माणसांचा ग्रुप दाटीने उभा राहतो. पण त्याच्या चार बाजूंच्या कमानींत एक घोड्याच्या नालेच्या आकाराची, पुढची पाकळ्यापाकळ्यांची, असा खेळ आहे. तिथून सोनेरी चॅपल, एकमेकांत गुंतलेल्या कमानी आणि वर घुमट. आणि शेवटी चर्चचं मुख्य छत: लाकडात बांधलेलं, भौमितिक नक्षीचं, सोन्याने मढवलेलं, आणि त्याच्या खालच्या पट्टीत ओळीने संतांची अर्धचित्रं. मान दुखेपर्यंत वर बघत राहावं असं हे काम आहे. ग्रानाडाचा आलाम्ब्रा राजवाडा गर्दीत बघितलेल्या माणसाला इथे पंधरा जणांत उभं राहून छत बघायला मिळालं, की तो मला माद्रिदचे ट्रॅफिक जॅम माफ करतो. बाजूच्या सालदान्या चॅपलमध्ये मात्र एकदम गॉथिक, फ्लँडर्सच्या वळणाचं काम. अरबी हमामही आहे, छताला ताऱ्यांच्या आकाराचे झरोके आहेत. तो दाखवतात की नाही, हे तिकीट काढतानाच विचारा.

सान अंतोलिन आता संग्रहालय आहे. अल्देरेते घराण्याचं चॅपल आणि त्यातली समाधी चांगली आहे, पण वेळ कमी असेल तर सरळ वर गच्चीवर जा. दुएरो, पूल आणि पलीकडचं सपाट मैदान एका नजरेत येतं. पाडलेला वाडा कुठे होता हेही वरूनच समजतं. प्लाझा मायोर सुरेख आहे, चारी बाजूंनी खांबांचे ओटे, वर बाल्कन्या, आणि चार दिशांनी आत येणारे चार रस्ते. तिथे कॉफी घ्या, त्याहून जास्त काही करायची गरज नाही.

एका गोष्टीसाठी हे गाव स्पेनमध्ये बदनाम आहे. सप्टेंबरच्या जत्रेत एका बैलाला पुलावरून नदीपलीकडच्या माळावर हाकलत नेऊन भाल्यांनी मारायची जुनी प्रथा होती, तोरो दे ला वेगा. देशभर निदर्शनं झाली आणि २०१६ मध्ये प्रादेशिक सरकारने लोकांसमोर बैल मारण्यावर बंदी घातली. गावात हा विषय अजून हुळहुळा आहे. बारमध्ये बसून मत मांडायला जाऊ नका. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मी तिथे ग्रुप नेत नाही.

व्यवहाराचं सांगतो. सोमवार टाळा, सांता क्लारा बंद असतं. मठ गाईडबरोबरच बघता येतो आणि गाईड बहुधा स्पॅनिशमध्ये बोलतो, म्हणून वर लिहिलेलं मुलांना गाडीत वाचून दाखवा. माद्रिदहून सकाळी ८ ला निघालात तर १० च्या सुमाराला पोचाल. आधी मठ, मग सान अंतोलिन, मग तहाची घरं. दुपारी २ नंतर सगळं बंद होतं आणि जेवणं सुरू होतात. इथलं प्रसिद्ध जेवण म्हणजे भट्टीत भाजलेलं कोवळं कोकरू. शाकाहारी असाल तर मेंढीच्या दुधाचं चीज, ब्रेड, सॅलड यांवर भागवा. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया कुठेही मिळते. लसणाचं सूप शाकाहारी समजू नका, त्यात बहुधा हॅम असतं. रुएदा इथून जेमतेम १२ किलोमीटर. तिथली व्हेर्देखो द्राक्षाची पांढरी वाइन घ्या, पण गाडी चालवणाऱ्याने बाटली डिकीत ठेवावी.

दुपारनंतर लिऑनकडे सरळ जाण्याआधी तास-दीड तास असेल तर दोन पर्याय आहेत. वयादोलिदच्या दिशेला सिमांकासचा किल्ला, ज्यात स्पेनच्या राजवटीचं अवाढव्य दफ्तर ठेवलंय. किंवा दक्षिणेला मेदिना देल कांपो, जिथे इसाबेला वारली आणि जिथला ला मोता किल्ला लाल विटांचा, मुलांना हमखास आवडणारा. तुमच्याबरोबर मुलं आहेत असं धरून मी मेदिना म्हणेन, मात्र ते माद्रिदहून येतानाच करा. परतीची दिशा पकडली तर लिऑनला पोचायला अंधार होईल.